हमीपत्र आणि एक फुशारकी

हमीपत्र हा आमच्या खात्याचा लाडका कागद. बालविवाह थांबवायला गेलो की मुलीच्या आईवडिलांकडून तो लिहून घ्यायचा: मुलीला अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिचं लग्न करणार नाही, केल्यास होणाऱ्या कारवाईस आम्ही जबाबदार राहू. खाली आईवडिलांच्या सह्या, साक्षीदार म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविका. मग सगळ्यांचा एक फोटो. फाईलवर ‘निकाली’ असं लिहिलं की आपण सुटलो.

माझ्या हमीपत्राचा मसुदा वर्धा जिल्ह्यात नावाजलेला होता. हे मी आढ्यतेनं नाही, खरं तेच सांगते. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे कागद नीट असला की काम झालं हे बाळकडूच मिळालेलं. एका पानात सगळं बसवलेलं, कुठे पळवाट नाही, शेवटी मुलीचा तीन ओळींचा जबाबसुद्धा तयार छापलेला. दुसऱ्या तालुक्यातले लोक तो मागून न्यायचे. सेवेतली बरीच वर्षं मी तो कागद पिशवीत घेऊन फिरले, आणि त्यानं काय केलं ते आज लिहायला बसले आहे.

या लेखातली नावं आणि गावाच्या खाणाखुणा बदलल्या आहेत. जिची ही गोष्ट आहे तिला मी इथे रोशनी म्हणणार आहे. छापायला देण्यापूर्वी तिला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं दोन वाक्यं काढायला लावली. ती काढली.

बाहेरच्या माणसाला आमचं काम सिनेमातल्यासारखं वाटतं. मांडवात पोलीस शिरतात, कोणीतरी ‘थांबा’ म्हणून ओरडतं. प्रत्यक्षात आम्ही शाळेचा दाखला शोधत बसतो. फोन येतो की अमक्या गावात अमक्या दिवशी लग्न आहे, मुलगी लहान आहे. मग शाळेतून जन्मतारीख काढायची, ग्रामसेवकाला गाठायचं, पोलीस ठाण्यातून एक शिपाई मागून घ्यायचा आणि गाडीनं गावात जायचं. कायद्यानं ग्रामसेवक हाच तिथला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. पण त्याला रोज त्याच गावात काम करायचं, त्याच लोकांचा चहा प्यायचा. त्यामुळे तो आमच्या मागे चार पावलं उभा राहतो आणि सारखा फोनकडे बघतो. मी त्याला दोष देत नाही.

एकदा आंजीकडच्या एका घरी लग्न थांबवलं. हमीपत्र झालं, फोटो झाला. निघताना मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, “मॅडम, लगन नाई त नाई. सैपाक त झाला न! जेवून जा.” आम्ही जेवलो. वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. वऱ्हाडी मंडळीही आमच्याच पंगतीला होती, आणि आमच्या शिपायानं बुंदी दोनदा मागून घेतली. परतताना गाडीत आम्ही हसत होतो की लोक किती समजूतदार आहेत. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी परत गेलेच नाही.

रोशनीचा फोन मुलांच्या हेल्पलाइनवर आला होता. तिथून तो माझ्याकडे जोडून दिला. दहावी झालेली, सोळा पूर्ण, बोर धरणाच्या बाजूला हिंगणीच्या पुढे गाव. मावशीचा मोबाइल घेऊन ती गोठ्यामागे उभी राहून बोलत होती. आवाज इतका खाली की मला टेबलावरचा पंखा बंद करावा लागला.

“मॅडम, परवा हळद आहे माही. मले अकरावीत जायचं आहे. तुमी या.”

“येते. तुझं नाव सांग.”

तिनं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाली, “पन मी फोन केला हे कोनाले सांगू नोका. मले मारून टाकतीन.”

“तुझं नाव माझ्या तोंडातून निघणार नाही,” मी म्हटलं. “मी स्वतः येते. शब्द देते तुला.”

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खात्याची पाटी लावलेली गाडी थेट मांडवापर्यंत नेली. गाडी नेली की वचक बसतो, असं आम्ही समजायचो. अंगणात बायका हळदीच्या तयारीला बसल्या होत्या. रोशनी पाटावर होती, हाताला हळद लागलेली. शेजारी तिची धाकटी बहीण, असेल बारा वर्षांची. आम्हाला बघून मोठी माणसं जागच्या जागी थिजली, पण त्या धाकटीला आल्यागेल्याला पाणी द्यायचं वळण. ती उठली आणि मला पेला आणून दिला.

आमच्या प्रशिक्षणात पहिलंच शिकवतात की मुलीला आधी धीर द्यावा. मी पाणी प्यायले, रोशनीजवळ गेले, वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, “घाबरू नकोस. म्हटलं होतं ना येते म्हणून? बघ, आले की नाही?”

नाव घेतलं नाही. शब्द पाळला. पण माझं बोलणं संपायच्या आत हळद कालवणाऱ्या मावशीचा हात थांबला. तिनं रोशनीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. रोशनीनं डोकं माझ्या हाताखालून काढून घेतलं. तिचा चेहरा मी पाहिला होता, आणि त्याचा अर्थ मी ‘मुलगी घाबरलेली आहे’ एवढाच लावला. खरं सांगायचं तर ते धीर देणं नव्हतंच. ती फुशारकी होती. चार माणसांत मला माझं येणं मिरवायचं होतं.

पुढचं सगळं सुरळीत झालं, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कोणी वाद घातला नाही. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. मी हमीपत्र वाचून दाखवलं, सह्या झाल्या. छापलेल्या जबाबाखाली रोशनीनं सही केली: ‘मी आईवडिलांकडे राजीखुशीने राहत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी काही तक्रार नाही.’ मग मी नियमाप्रमाणे विचारलं, “घरी राहायचं का आमच्याबरोबर यायचं?” विचारलं ते सगळ्यांसमोर. आई तिच्या पाठीशी खांबाला धरून उभी.

रोशनी माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरीच राहीन.”

पर्याय नव्हते असं नाही. तिला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. बालकल्याण समितीपुढे उभं करता आलं असतं. ही समिती म्हणजे अडचणीतल्या मुलामुलींनी कुठे राहायचं हे ठरवणारी, पाच जणांची. न्यायालयाकडून लग्नाला मनाई हुकूम आणता आला असता. हमीपत्र मोडलं तर फार तर आम्ही पुन्हा एक पत्र पाठवतो. मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच नसतं. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. पण हुकमासाठी अर्ज करा, तारखा घ्या, वकिलाच्या मागे लागा. हमीपत्र तासाभरात होतं.

पंधरा दिवसांनी पाठपुरावा करायचा असतो. त्या आठवड्यात कार्यालयात वरच्या साहेबांची तपासणी होती, म्हणून मी फोनवरच काम उरकलं. वडील म्हणाले, “पोरगी मामाच्या गावाले गेली मॅडम. मजेत आहे.” मी लिहिलं: ‘मुलगी मामाकडे सुखरूप आहे.’ खाली माझी सही, तीही सुवाच्य.

लग्न आम्ही येऊन गेल्यावर चौथ्या दिवशीच लागलं होतं. हिंगणघाटच्या बाजूला, नवऱ्याच्या गावी, देवळात, दहा-अकरा माणसांत.

पुढच्या वर्षी सरकारी दवाखान्यातून फोन आला. गरोदर मुलगी, अठराच्या आतली, झटके येत असताना आणलेली. अठराच्या आतली मुलगी गरोदर आली की दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा चांगल्यासाठी आहे, पण घरचे त्याला भिऊन अशा मुलींना दवाखान्यात आणतच नाहीत. नऊ महिने तिला कोणी तपासलं नव्हतं. रक्तदाब वाढून झटके सुरू झाले, शुद्ध हरपली, तेव्हा आणलं. मूल वाचलं नाही.

मी वॉर्डात गेले तेव्हा रोशनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून वळली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. मी तिचा हात धरायला गेले, तो तिनं चादरीखाली घेतला.

“तुमी माह्यं नाव नाई घेतलं मॅडम,” ती म्हणाली. “हसल्या फक्त.”

मी खुर्ची ओढून बसले. ती हळूहळू बोलत राहिली. आमची गाडी गेल्यावर कोणी तिला मारलं नाही. “मारलं असतं त बरं झालं असतं. कोनी बोललंच नाई. मायनं चार दिवस माह्याशी तोंड उघडलं नाई. चौथ्या दिवशी पुन्हा हळद लावली, तेव्हाई नाई. छकुलीलेई बोलू देत नव्हते माह्याशी.” छकुली म्हणजे ती पाणी देणारी धाकटी.

नोकरीत मी पुष्कळ वाईट पाहिलं. पण ते दुसऱ्यांनी केलेलं होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला माझी लाज वाटली, आणि ती पुढे कधी पुरती गेली नाही.

पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. रोशनीला समितीनं मुलींच्या बालगृहात ठेवलं. महिन्याभरात आईवडिलांनी ताबा मागणारा अर्ज केला. मुलगी परत घरी गेली असती तर तिथून कुठे गेली असती हे सांगायला नको. आणि अर्जासोबत त्यांनी काय जोडलं होतं? माझं हमीपत्र, रोशनीच्या सहीचा जबाब आणि माझा पाठपुरावा. कुटुंब सहकार्य करणारं आहे, मुलीवर दबाव नव्हता, ती मामाकडे सुखरूप होती आणि तिथून स्वतःच्या मनानं गेली. शेवटचं सोडलं तर हे सगळं माझ्याच सहीशिक्क्यानिशी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त सांभाळून राहणारा. “मॅडम, दोन वर्षं राहिली तुमची निवृत्तीला. जेवढं विचारतील तेवढंच बोला. रेकॉर्डमध्ये आहे ते आहे. आपण तटस्थ असतो.”

तटस्थ. हा शब्द मी समाजकार्याच्या वर्गात शिकले आणि पुढे नव्या मुलांना शिकवलाही. त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला की त्या अंगणात मी नक्की कुणाच्या मध्ये तटस्थ होते? एका बाजूला सगळं गाव, दुसऱ्या बाजूला पाटावर बसलेली एक पोरगी. अशा ठिकाणी मध्ये उभं राहणारा माणूस गावाच्याच बाजूला असतो. घरी जाऊन मी जेवले नाही. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण आपण चुकलो हे पाच माणसांसमोर तोंडानं म्हणायची भीती त्याहून मोठी होती.

समितीची खोली लहान होती. एक लांब टेबल, पलीकडे सदस्य, अलीकडे मी, साहेब आणि रोशनीचे आईवडील. रोशनी बालगृहाच्या अधीक्षिकेबरोबर कोपऱ्यात बसली होती. अध्यक्षांनी जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, “हा मुलीचा जबाब आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले. “तो माझा आहे. मी त्या गावात जायच्या आधीच तो छापलेला होता. तिनं मला फोनवर काय सांगितलं होतं ते यात कुठेच नाही.”

मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. फोन तिनं केला होता हे मी कसं उघड केलं, तिला सगळ्यांसमोर कसं विचारलं, ‘सुखरूप’ हा शब्द तिला न बघता कसा लिहिला. साहेब कागद चाळत राहिले. अध्यक्षांनी मला दोनदा विचारलं, “हे लिहून घेऊ?” दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

रोशनीची आई उठली आणि सरळ माझ्याकडे वळली.

“मॅडम, तुमी लगन मोडून गाडीत बसून चालल्या गेल्या. गावात राहाचं आमाले होतं. मांडव पडलेल्या पोरीले मंग कोन करते? आता म्हन्ता तिले घरी देऊ नोका. मंग तुमी जनमभर ठेवता काय तिले?”

मी इतकंच म्हणाले की अठराची होईपर्यंत तिला तिच्या मनाविरुद्ध कुठे पाठवू नका. समितीनं अर्ज फेटाळला. रोशनी बालगृहात राहिली, आणि मला खात्याकडून कारणे दाखवा नोटीस आली. नोटिशीला मी जे उत्तर लिहिलं त्यात पळवाट ठेवली नाही.

बाहेर व्हरांड्यात रोशनीजवळ जाऊन मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी काम बदललं. छापलेला जबाब मसुद्यातून काढला. नुसत्या हमीपत्रावर फाईल बंद करणं सोडलं. आधी मनाई हुकूम, मग गावात पाऊल. पाटीची गाडी गावाबाहेर ठेवायची. मुलीच्या घरी थेट जायचं नाही. वही घेऊन चार-पाच घरं सर्वेक्षणासारखी करायची, अंगणवाडीत बसायचं, मुलीला शाळेत किंवा सेविकेच्या घरी एकटीला भेटायचं. आणि दर महिन्याला तिला डोळ्यांनी बघून यायचं. ग्रामसेवकांच्या आणि सेविकांच्या बैठकांत मी माझी चूक स्वतः सांगायला लागले. सुरुवातीला माना खाली जायच्या. मग एकेक जण आपापली सांगू लागला. अशा बैठका मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. इकडे साहेब कुरकुरायचे की तुमची निकाली प्रकरणं फार कमी झालीत. मी म्हणायचे, हो, झालीत.

पण एक गोष्ट माझ्या हातून तेव्हाही सुटली होती. समितीसाठीच्या चौकशी अहवालात ‘कुटुंबातील इतर मुले’ असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं: ‘एक बहीण, शिक्षण चालू.’ एवढंच. ज्या मुलीनं मला पाणी दिलं तिच्याबद्दल मी त्याहून एक अक्षर जास्त विचार केला नाही.

रोशनी अठराची झाली आणि बालगृहातून गेली. एका दुकानात कामाला लागल्याचं कानावर आलं. तिनं मला कधी फोन केला नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. टेबल आवरत होते, तेव्हा फोन वाजला.

“बोरच्या बाजूले एका गावात लगन आहे,” बाईचा आवाज. “पोरगी पंधराची. दहावीत आहे. पुढच्या हप्त्यात.”

मी गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते रोशनीचं गाव होतं.

“तुम्ही कोण बोलताय?”

“नाव कायले पायजे तुमाले?” मग आवाज खाली गेला, गोठ्यामागे होता तितका. “मॅडम, छकुलीनं फोन केला नाई. मी केला. पन गावाले वाटीन तिनंच केला. हिंगणीवरून पायी या. आन तिच्याकडे पाहून हसू नोका.”

पुढचे चार दिवस मी न्यायालयात बसून होते. मनाई हुकूम हातात पडला तेव्हा मी तो तीनदा वाचला. आपल्या चुका मला आता माहीत होत्या. शिपायाला आणि ग्रामसेवकाला मागून यायला सांगून मी एकटी एसटीनं हिंगणीला उतरले आणि चालू लागले. ऊन होतं, गुडघे दुखत होते. वाटेत दोनदा बसले.

गावात शिरताना हातपंपावर मुली पाणी भरत होत्या. त्यांच्यात ती होती. उंच झाली होती, पण वळण तेच. घामाघूम म्हातारी येताना बघून तिनं हातातला लोटा भरला आणि माझ्यापुढे धरला.

“पानी घ्या, आजी.”

मी खाली मान घालून पाणी प्यायले. तिच्या पायांकडे बघत लोटा परत दिला. मग वही काढली आणि पंपासमोरच्या पहिल्या घरात शिरले.